चेन्नईत कच्चेरी ऐकायला जाताय? मी केलेल्या या चुका टाळा

तमिळमध्ये गाण्याच्या, म्हणजे कर्नाटक संगीताच्या, मैफिलीला कच्चेरी म्हणतात. आपल्याला कचेरी म्हटलं की तहसीलदार आठवतो, पण ते असो. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत मार्गळी महिना असतो, तेव्हा चेन्नईत मैलापूर, टी. नगर, आळवारपेट या भागांतल्या सभांमध्ये (मैफिली भरवणाऱ्या संस्थांना तिकडे सभा म्हणतात) सकाळपासून रात्रीपर्यंत गाणं चालू असतं. म्युझिक अकॅडमी तर १९२८ पासूनची. वर्षानुवर्षं पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला मांडी ठोकून बसणारी आपली माणसं तिथे जातात आणि दीड तासात बाहेर येऊन म्हणतात, फार घाई घाई करतात बुवा. मीही पहिल्या वर्षी हेच म्हणालो होतो. आपण तिथे बसून आपलंच गाणं शोधत असतो, म्हणून असं होतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रागाचं नाव ऐकून खूश होणं. गायकाने तोडी सुरू केला असं शेजाऱ्याने सांगितलं आणि मी आपल्या तोडीतल्या तीव्र मध्यमाची वाट बघत बसलो, तो येतोय कशाला! त्यांच्या तोडीचे स्वर म्हणजे आपल्या भैरवीचे. आपल्या तोडीचे स्वर तिकडे शुभपंतुवराळीत सापडतात, आणि त्यांचा भैरवी वेगळाच, त्यात रिषभ शुद्ध आणि धैवत दोन्ही. हिंदोळम म्हटलं की आपला हिंदोल नाही, तो मालकंस. मोहनम म्हणजे साधारण भूप, कल्याणी म्हणजे यमनच्या जवळचा. पण स्वर तेच असले तरी गमक, म्हणजे स्वर हलवण्याची पद्धत, इतकं वेगळं असतं की "अरे हा तर मालकंस" असं मोठ्याने बोलू नका. मी बोललो होतो. शेजारचे मामा (तिकडेही वयस्कर माणसाला मामाच म्हणतात) मान न वळवता म्हणाले, "हिंदोळम." बस, एवढंच. आणि रागाच्या वेळेचं बंधन डोक्यातून काढा, आपल्या सकाळच्या भैरवाचे स्वर असलेला मायामाळवगौळ संध्याकाळी साडेसहाला आला तर गायक चुकलेला नाही.

ताल सुटतोय, सम (तालाची पहिली मात्रा) सापडत नाही, हा प्रॉब्लेम सगळ्यांचाच. कारण साधं आहे, आपल्याकडे तबला ठेका धरून ठेवतो, आपण त्याच्यावर टेकून बसतो. मृदंग ठेका वाजवत नाही, तो गाण्याच्या ओळीबरोबर चालतो. ताल असतो तो हातात. गायकाच्या मांडीकडे बघा. आदितालाच्या ८ मात्रा अशा: टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, मग टाळी, उलटा हात, टाळी, उलटा हात. हे जमलं की निम्मं काम झालं. तरी गडबड होते कारण बऱ्याच कृती (म्हणजे बांधलेल्या रचना) समेवर सुरूच होत नाहीत, अर्धी किंवा दीड मात्रा सोडून उचलतात, त्या जागेला ते एडुप्पु म्हणतात. आपण समेवर मान टाकतो आणि गायक अजून तोंडही उघडत नाही, फार पोपट होतो. पहिले दोन दिवस मनातल्या मनात मोजा, मांडीवर धाडधाड थापा मारू नका, पुढची मामी मागे वळून बघते.

गायक अडकलाय असं वाटलं तर तो अडकलेला नाही. एकच ओळ पुन्हा पुन्हा नव्या सुरावटीत येते, त्याला निरवल म्हणतात. त्यानंतर कल्पनास्वर येतात, म्हणजे तिथल्या तिथे रचलेली सरगम. आणि गायकाने आलापना (आपला आलाप) संपवून व्हायोलिनकडे मान केली की लोक मोबाईल काढतात, तेही करू नका, व्हायोलिनवाला त्याच रागाची स्वतःची आलापना करणार असतो.

आता तनि आवर्तनम, म्हणजे फक्त तालवाद्यांचं वादन. मुख्य कृतीनंतर गायक थांबतो, व्हायोलिन थांबतं, फक्त मृदंग आणि असलाच तर घटम (मातीचा घडा) किंवा खंजिरा (छोटी डफली). आणि बरोबर याच वेळी अर्धा हॉल कॅन्टीनकडे चालायला लागतो! स्थानिक लोकच उठतात म्हणून मलाही वाटलं की इंटरव्हल झाला, गेलो, कॉफी प्यायलो, आलो तर संपलं होतं. दुसऱ्या वर्षी बसून राहिलो तेव्हा कळलं काय घालवलं ते. आधी प्रत्येक वादक आळीपाळीने लांब वाजवतो, मग सवालजवाब सुरू होतात आणि प्रत्येक फेरीला तुकडा छोटा छोटा होत जातो, शेवटी दोघं एकत्र मोहरा, म्हणजे शेवटाकडे नेणारा ठरलेला तुकडा, घेतात आणि मग कोर्वै, म्हणजे आपल्या तिहाईची (तोच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) चुलत बहीण समजा, ३ वेळा वाजवून नेमकी त्या एडुप्पुवर आणून सोडतात की गायक तिथूनच ओळ उचलतो. हात मांडीवर चालू ठेवला असेल तर त्या क्षणी अंगावर काटा येतो, नसेल तर नुसता आवाज. कॉफी आधी प्या. कॅन्टीन भारी असतं हे खरंय, पण ते कुठे पळून जात नाही.

बाकी किरकोळ. कृती चालू असताना रांगेतून घुसू नका, संपेपर्यंत दाराशी थांबा. शाल न्या, एसी भयानक असतो. तेलुगू, संस्कृत कळत नाही म्हणून हिरमुसू नका, चरणात, म्हणजे कृतीच्या शेवटच्या भागात, त्यागराज, गुरुगुह किंवा श्यामकृष्ण असा शब्द आला की रचना अनुक्रमे त्यागराज, दीक्षितर, श्यामा शास्त्रींची. एकदम मोठ्या नावाच्या संध्याकाळच्या तिकिटावर उडी मारण्यापेक्षा आधी दुपारची ऐका, बऱ्याच सभांमध्ये ती फुकट असते आणि तरुण मुलंमुली जीव तोडून गातात.

आणि शेवटचे छोटे तुकडे सुरू झाले म्हणून बॅग उचलू नका. तिथे कधीकधी मराठी अभंग येतो. तंजावरला जवळपास पावणेदोनशे वर्षं मराठ्यांचं राज्य होतं, त्यागराज (१७६७–१८४७) त्याच राज्यात तिरुवैयारूला राहिले, आणि तिथल्या हरिकथेत साकी, दिंडी हे मराठी छंद अजून ऐकू येतात. तमिळ वळणाचा "विठ्ठल" ऐकून उच्चारावर हसू नका. मी हसलो नाही, पण शेजारच्या मामांनी डोळे पुसत मला अर्थ विचारला आणि मलाच नीट सांगता आला नाही.