रात्रीची पाळी, जुनी विहीर आणि फवारणीचा पंप : शेतात जीव कसा सांभाळायचा

निपाणी-चिकोडीकडे ऊस आणि तंबाखू, बेळगाव-खानापूरकडे भात. पिकं वेगळी असली तरी माणूस दगावण्याच्या जागा सगळीकडे त्याच आहेत. त्यातली सर्वांत वाईट म्हणजे रात्रीची पाण्याची पाळी. थ्री फेज लाईट अपरात्री आली की माणूस अर्धवट झोपेत एकटाच उठतो, चप्पल घालून चिखलातून जातो आणि ओल्या हातानं स्टार्टर दाबतो. साप आणि करंट दोन्ही त्याच वाटेवर असतात.

मोटर आणि स्टार्टर

स्टार्टरची पत्र्याची पेटी आणि मोटरची बॉडी, दोन्हींना अर्थिंग हवं. आठ-दहा फुटांचा पाईप जमिनीत उभा गाडून भोवती कोळसा आणि मीठ भरतात. एवढं सगळे करतात, पण मार्च-एप्रिलमध्ये जमीन वाळली की त्या खड्ड्यात पाणी ओतायचं राहून जातं. कोरड्या खड्ड्यातल्या अर्थिंगचा काही उपयोग नाही. पेटीसमोर रबरी मॅट किंवा कोरडी फळी टाका. बटण दाबण्याआधी हात पुसा, पायात रबरी बूट असू द्या आणि पेटीला टेस्टर लावून बघा. फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार पिळून घालू नका. गळती झाली की लाईन तोडणारा ब्रेकर बसवला तर उत्तमच. तो वारंवार पडत असेल तर केबल किंवा मोटरमध्ये गळती आहे, ती शोधा. ब्रेकरला बगल देऊन मोटर चालू करू नका.

मोटरीच्या कामाला विहिरीत उतरायचं असेल तर मेन स्विच पाडा, तिन्ही फ्यूज काढा आणि ते स्वतःच्या खिशात घालूनच खाली उतरा. ऑटो स्टार्टर असला तर लाईट आल्याबरोबर मोटर आपोआप सुरू होते. वर कोणी नसतानाही होते. शिवाय एक फेज गेली म्हणजे लाईट गेली असं धरू नका, उरलेल्या दोन तारा जिवंतच असतात.

टीसीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) फ्यूज काठीनं बसवणारा ‘जाणकार’ प्रत्येक गावात एखादा असतोच. ते काम लाइनमनचं आहे, हेस्कॉम या वीज कंपनीच्या १९१२ वर तक्रार द्या. शिवारात तार तुटून पडलेली दिसली तर निदान ३०-३५ फूट लांब राहा, जमीन ओली असेल तर आणखी लांब. तारेजवळच असाल तर ढांग टाकू नका, दोन्ही पाय जुळवून जमिनीवर घासत मागं या. ढांग टाकली की दोन पायांखालच्या जमिनीतल्या व्होल्टेजमध्ये फरक पडतो आणि करंट अंगातून जातो.

माणूस चिकटला असेल तर आधी स्विच पाडा. ते जमलं नाही तर वाळलेल्या लाकडानं किंवा वाळक्या कळकानं त्याला तारेपासून अलग करा. हिरवी काठी किंवा हाताशी असलेला ऊस घेऊ नका, त्यात पाणी असतं. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा आणि १०८ येईपर्यंत थांबू नका.

डुकरांसाठी कुंपणात घरचा करंट सोडणं हा गुन्हा आहे, आणि त्यात शेजारचा माणूसही मरतो. सोलर झटका मशीनची गोष्ट वेगळी. ते थांबून थांबून क्षणभराचा झटका देतं, सलग करंट सोडत नाही.

साप

सरीत पाणी शिरलं की उंदरांची बिळं भरतात. उंदीर बांधावर येतात आणि त्यांच्या मागोमाग साप. म्हणजे ज्या कोरड्या बांधावर तुम्ही बसायला जाता, तिथंच तोही येऊन थांबलेला असतो. बॅटरी आणि काठी घ्या, पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट घाला. पाचटाचा ढीग, गवताची पेंढी किंवा पाईपचा गुंडाळा हातानं उचलण्याआधी काठीनं हलवा. घोणस कुकरच्या वाफेसारखी मोठ्यानं फुसफुसते. तो आवाज आला की जागीच थांबा, ती कुठं आहे ते बघा, मग मागं सरका.

मण्यार मात्र आवाज करत नाही. खोपीत जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते, दाताच्या खुणा दिसत नाहीत, दुखतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, बोलताना जीभ अडखळते. अशी लक्षणं दिसली तर दंश सापडो न सापडो, दवाखाना गाठा. खोपीत खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा. त्यानं मण्यारीपासून मोठं संरक्षण मिळतं.

साप चावल्यावर अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढा, नंतर सूज चढते. चावलेला हात किंवा पाय फळी लावून सैलसर बांधा, हाडाला आधार देतात तसा. दोरी आवळू नका, ब्लेड मारू नका, तोंडानं ओढू नका. आवळलेली दोरी दवाखान्यात एकदम सोडली की अडलेलं विष एकाच वेळी अंगभर जातं, आणि तोवर पाय काळा पडायचीही भीती असते. माणसाला चालवू नका. गाडी नसेल तर मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्या. चावल्याची वेळ लक्षात ठेवा. साप मारून सोबत न्यायची गरज नाही, कारण नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर इंजेक्शन एकच आहे. मंत्र घालणाऱ्याकडे गेलेला तास परत मिळत नाही. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हे इंजेक्शन असतं का आणि रात्री डॉक्टर असतो का, ते पावसाळ्याआधीच विचारून ठेवा. नसेल तर थेट तालुक्याच्या दवाखान्यात किंवा बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात जायचं हे आधीच ठरलेलं असावं.

जुनी विहीर

गाळ काढायला एक उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, मग तिसरा. बंद विहिरीत कुजणाऱ्या पाल्यानं प्राणवायू संपतो आणि जड वायू तळाशी साठतात. कंदील सोडून बघायची रीत आहे. कंदील विझला तर उतरायचंच नाही. पण तो जळत राहिला म्हणून हवा चांगली आहे असंही नाही, काही विषारी वायूंनी ज्योत विझत नाही. गोबर गॅसच्या टाकीत तर कंदील नेऊच नका, भडका उडेल.

उतरण्याआधी बराच वेळ ब्लोअरनं हवा मारा. तो नसेल तर वरून पाण्याच्या बादल्या पुन्हा पुन्हा ओता, नाहीतर पाला बांधलेली फांदी दोरानं वरखाली करा, पण ही निम्मीच खात्री समजा. उतरणाऱ्याच्या छातीला आणि मांड्यांना दोर बांधलेला हवा आणि तो ओढायला वर निदान दोघं-तिघं हवेत. खालचा बोलायचा थांबला की ओढा, उतरू नका. उपशासाठी डिझेल इंजिन विहिरीत ठेवून चालवू नका, त्याचा धूर बाहेर जात नाही आणि माणूस झोप लागावी तसा जातो.

औषध आणि तंबाखू

डब्यावरचा मजकूर कानडीत असो की इंग्रजीत, त्रिकोणाचा रंग सगळ्यांना वाचता येतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नाही. औषध ओतताना ते सर्वांत कडक असतं, म्हणून हातमोजे आणि चष्मा खरे तेव्हाच हवेत. काठीनं ढवळा. वारा पाठीवर घ्या आणि फवारलेल्या पट्ट्यातून पुढं न जाता मागं सरकत फवारा. नोझल तुंबलं तर काडीनं किंवा जुन्या टूथब्रशनं साफ करा, तोंडानं फुंकू नका. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. पंप पाठीवर गळत असेल तर त्या दिवशी फवारणी बंद, कारण ओल्या सदऱ्यातून औषध तासन्‌तास कातडीत मुरत राहतं.

घाम, लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, स्नायू उडणं ही विषबाधेची लक्षणं. कपडे काढा, साबणानं अंग धुवा, उलटी करवू नका आणि डबा सोबत घेऊन दवाखान्यात जा. डॉक्टरला कोणतं औषध ते कळल्याशिवाय उतारा ठरवता येत नाही. पॅराक्वाट या तणनाशकाला तर उताराच नाही, म्हणून त्याची बाटली घरात, त्यातही पाण्याच्या बाटल्यांजवळ, ठेवू नका.

तंबाखूचा शेंडा खुडताना किंवा फुटवे काढताना मळमळ, उलटी, चक्कर आली तर बायका म्हणतात, ऊन लागलं. बरेचदा ते ऊन नसतं. दवानं ओल्या पानांतलं निकोटीन पाण्यात उतरतं आणि कातडीतून अंगात जातं. दव उडाल्यावर कामाला लागा, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घाला, कपडे भिजले तर लगेच बदला, काम झाल्यावर साबणानं हात-पाय धुवा. गरोदर बाईला आणि पोरांना या कामाला लावू नका.

ट्रॅक्टर, वीज आणि फोन

पीटीओचा, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं अवजार फिरवणारा, शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदराचं टोक किंवा टॉवेल अडकला तर हात सोडवायला वेळच मिळत नाही. शाफ्टवरचं झाकण काढून ठेवू नका, आणि रोटावेटरमधलं गवत इंजिन बंद करूनच काढा. चिखलात रुतलेला ट्रॅक्टर ओढताना साखळी खालच्या ड्रॉबारलाच लावा, उंच लावली तर पुढची चाकं उचलून तो मागं उलटतो. रस्त्यावर येताना दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना अडकवा. उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन रात्री जायचं तर मागच्या ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर हवाच, ऊस लोंबून तो झाकला गेला नाही ना हेही बघा.

वळवाच्या दिवसांत गडगडाट ऐकू आला की वीज तुमच्यापर्यंत पोहोचू शकते. झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथंच थांबा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळ वीज पडण्याची सूचना देतं.

मोटरीच्या खोलीच्या भिंतीवर रंगानं लिहून ठेवा : १०८, १९१२, लाइनमनचा नंबर, पंपाचा आरआर नंबर (वीज जोडणीचा नंबर) आणि रस्त्यावरून शेतापर्यंत यायची खूण. महाराष्ट्राच्या सीमेवर पलीकडचा टॉवर लागतो, तेव्हा १०८ ला सगळ्यात आधी राज्य आणि तालुका सांगा. मग एका माणसाला बॅटरी देऊन फाट्यावर उभा करा.