बारा बोअरची बंदूक घरात आणताना या चुका टाळा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात शेतराखणीचा किंवा स्वसंरक्षणाचा परवाना हाती आला, की बहुतेक जण पहिल्या आठवड्यातच तीन वस्तू घेऊन येतात : नळीला बांधायचा टॉर्च, काडतुसांचा कमरपट्टा आणि दस्त्याला लावायचे काहीतरी काळे रबरी प्रकरण. बंदूक मोडून, म्हणजे मधल्या सांध्यापाशी उघडून, नळीतून उजेडाकडे पाहण्याची सवय लागायला मात्र पुढे कित्येक वर्षे जातात, आणि काहींना ती लागतच नाही. कुळागर, म्हणजे सुपारी-माडांची बाग, सांभाळता सांभाळता मी बऱ्याच नवशिक्यांना दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, हाताळायला शिकवली. त्यांच्या हातून होणाऱ्या चुका वर्षानुवर्षे त्याच आहेत, आणि त्यांतली सर्वांत गंभीर एक माझ्या स्वतःच्या हातूनही झालेली आहे.

नळीत न पाहता काडतूस भरणे

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता १६ मार्चला लागू झाली आणि नेहमीप्रमाणे आमच्या भागातल्या परवानाधारकांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा झाल्या. गोव्यात मतदान ७ मे रोजी झाले, निकाल ४ जूनला लागला, आणि बंदुका परत मिळेपर्यंत काजूचा हंगाम संपून पाऊस तोंडावर आला होता. माझा भाचा आपली दुनळी घेऊन ठाण्यातून थेट माझ्याकडे आला. त्या दिवसांत माकडांनी माडांवरची बोंडे पाडून खाली सडा घातला होता. तो अंगणातूनच म्हणाला, "मामा, एक बार हवेत काढतो. माकडेही पळतील आणि नळीही साफ होईल." काडतूस त्याच्या हातात तयार होते. मी बंदूक मागून घेतली, मोडली आणि नळ्या आभाळाकडे धरल्या. उजव्या नळीतून पांढरे वर्तुळ स्वच्छ दिसत होते. डाव्या नळीतून काहीच दिसत नव्हते.

बांबूची बारीक काठी आत सारली तेव्हा ती तोंडापासून वीतभर आत अडली. थोडे पाणी सोडून, ते मुरू देऊन हळूहळू ढकलल्यावर तांबड्या मातीचा बोटभर जाड गोळा बाहेर आला. तो हाताने फोडला तर आत शेजारी शेजारी घरे होती आणि प्रत्येक घरात पाय आखडलेले, अर्धमेले कोळी कोंबून ठेवलेले होते. कुंभारीण माशीने आपल्या अळ्यांसाठी ती शिदोरी भरून ठेवली होती. त्यासाठी ठाण्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण हेच घरटे मी घराच्या माळ्यावर ठेवलेल्या बंदुकीतही पाहिले आहे. तोंड उघडे ठेवून कोपऱ्यात उभी केलेली नळी आणि भिंतीतले भोक यांत माशीला काही फरक वाटत नाही.

भाच्याने तो बार काढला असता तर छर्रे आणि त्यांच्या मागची गुडदी (दारू आणि छर्रे यांच्यामधले बूच) त्या गोळ्यावर आदळून मागचा दाब एका क्षणात कित्येक पटींनी वाढला असता. दुनळीची नळी काडतुसाच्या घराजवळ जाड असते आणि तोंडाकडे जाताना पातळ होत जाते, त्यामुळे अशा ठिकाणी ती फुगते किंवा केळफुलासारखी उमलते. असे उमललेले तोंड मी एकदा दुरुस्तीच्या दुकानात पाहिले आहे. बार काढून नळी साफ होते, ही समजूत कोणी पसरवली ते मला ठाऊक नाही; पण ती सांगणारा माणूस भेटला, की मी त्याच्यापासून चार पावले दूर उभा राहतो.

माझी सवय साधी आहे. बंदूक कोणाच्याही हातून माझ्या हाती आली, मग ती दोन मिनिटांपूर्वी मीच त्याला दिलेली का असेना, मी ती मोडतो आणि दोन्ही नळ्यांतून पाहतो. पंपाच्या बंदुकीत (नळीखालची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायच्या एकनळीत) असे आरपार पाहता येत नाही, तेव्हा आधी काडतुसे काढून, घर आणि मॅगझिन बोटाने चाचपून, मग नळी सोडवून पाहावी. याला कंटाळणाऱ्यांनी बंदूक घेऊच नये.

काडतुसावरचे आकडे न वाचणे

काडतुसावर छापलेली ७० मिलिमीटर ही लांबी बार उडाल्यानंतरच्या, म्हणजे तोंड उलगडलेल्या पुंगळीची असते. न उडालेले काडतूस त्याहून आखूड असते, त्यामुळे ते ६५ मिलिमीटरच्या घरात विनातक्रार बसते आणि बंदूकही मिटते. बार उडताना मात्र पुंगळीचे तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडू पाहते, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. ७० च्या घरात ७६ चे काडतूस घालणाऱ्याचेही तेच होते. पोर्तुगीज काळापासून घरात असलेल्या जुन्या युरोपीय बंदुकांपैकी अनेकींची घरे ६५ ची असतात, हे त्या वारसाहक्काने मिळालेल्या मंडळींना कोणी सांगत नाही. जाणत्या कारागिराकडून घर मोजून घेतल्याशिवाय अशा बंदुकीत आजचे काडतूस घालू नये.

बारा आणि वीस बोअरची काडतुसे एका पिशवीत ठेवू नयेत. बोअर हे नळीचे माप, आणि वीसची नळी बाराहून बारीक असते. वीसचे काडतूस बाराच्या घरातून पुढे सरकून नळीत अडकते, घर रिकामे दिसते, मागून बाराचे काडतूस भरले जाते, आणि पुढे काय होते ते वर कुंभारीण माशीच्या संदर्भात सांगितलेच आहे. वीसची पुंगळी पिवळी ठेवण्याचा प्रघात याच कारणामुळे पडला; पण अंधारात पिवळे आणि तांबडे सारखेच दिसते.

टॉर्च नळीला बांधणे

आता माझी स्वतःची चूक. कुळागरात रात्री रानडुकरांचा त्रास वाढला होता, म्हणून मी एक टॉर्च वायरमनच्या काळ्या टेपने नळीखाली घट्ट बांधला आणि स्वतःच्या कल्पकतेवर खूश झालो. एका रात्री सुपारीच्या ओळीत पाण्यात काहीतरी चुबकल्यासारखे वाजले आणि पानांमागे वाकलेली काळी आकृती हलली. मी बंदूक खांद्याला लावली आणि मग टॉर्चची कळ दाबली. प्रकाशाच्या गोलात शेजारचे वयस्कर गृहस्थ खोरे हातात धरून पाटात उभे होते. त्यांच्या पाण्याची पाळी त्या रात्री होती आणि ती मला ठाऊक होती. "हांव रे हांव, उदकाक आयलां!" (मीच रे, पाण्यासाठी आलोय) असे ते ओरडले तोवर माझे बोट चापावर गेलेले नव्हते, इतकेच माझ्या बाजूने सांगता येईल. नळ्या मात्र दोन्ही भरलेल्या होत्या आणि त्यांच्या छातीवर रोखलेल्या होत्या.

नळीला बांधलेल्या टॉर्चचा दोष त्याच्या जागेतच आहे. जे ओळखायचे आहे त्याच्यावर आधी बंदूक रोखावी लागते. रात्री घरात खुडबुड झाली, तर उशिरा परतलेला मुलगा, पाण्यासाठी उठलेली आई किंवा मागच्या दारी आलेला शेजारी यांनाच ओळखण्याची वेळ अधिक वेळा येते. तेव्हापासून माझा टॉर्च डाव्या हातात किंवा कपाळावर असतो, बंदुकीचे तोंड जमिनीकडे असते, आणि आधी प्रकाश, मग हाक, हा क्रम मी मोडत नाही. दोन्ही हातांची गरज पडते म्हणून टॉर्च बंदुकीवरच हवा, असा युक्तिवाद शहरी हौशी मंडळी करतात. तो प्रशिक्षित पोलिसांच्या बाबतीत खरा असेल. ज्याने वर्षात दहा काडतुसेही उडवलेली नाहीत, त्याने आधी हातातला टॉर्च वापरून दाखवावा.

छर्रे पसरतात म्हणून नेम नको, असे समजणे

हा गैरसमज सर्वांत चिवट आहे. घराच्या आतल्या अंतरावर, म्हणजे चार-पाच मीटरवर, छर्ऱ्यांचा गुच्छ जेमतेम तळहाताएवढा असतो, त्यामुळे नेम चुकला की सगळाच चुकतो. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी ठेवलेला आवळेपणा; तो अजिबात नसलेल्या नळीला सिलिंडर म्हणतात. उलट चाळीस यार्डांवर फुल चोकची नळी सुमारे ७० टक्के छर्रे तीस इंचांच्या वर्तुळात टाकते, हाफ चोक सुमारे ६० टक्के आणि सिलिंडर सुमारे ४० टक्के. म्हणजे उरलेले छर्रे तुमच्या मनात नसलेल्या ठिकाणी जातात. हे पुस्तकी आकडे आहेत. स्वतःच्या बंदुकीचे आकडे हवे असतील, तर परवानगी असलेल्या रेंजवर जाऊन मोठा कागद लावावा, पाच, दहा, वीस आणि तीस मीटरवरून एकेक बार काढावा आणि भोके मोजावीत. प्रत्येक कागदावर अंतर, नळी आणि काडतूस लिहून मी ते कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहेत. नवशिक्यांना हे काम शाळेतल्या गृहपाठासारखे वाटते आणि चार बार कागदावर वाया गेले म्हणून ते हळहळतात.

एसजी या जाड छर्ऱ्यांच्या काडतुसातला छर्रा सुमारे साडेआठ मिलिमीटरचा असतो. तो मोकळ्या जागेत पाचशे मीटरच्याही पुढे जाऊ शकतो, तर सहा नंबरचा बारीक छर्रा दोनशेच्या आसपास थकतो. चिऱ्याची भिंत दोन्हींना थोपवील. पण प्लायवूडचे पार्टिशन, मधले दार आणि मंगलोरी कौले एसजीला थोपवतील या भरवशावर राहू नये. पलीकडच्या खोलीत कोण झोपते, याचा विचार काडतूस निवडण्याआधी करायचा असतो.

पंप अर्धवट ओढणे

पंपाची बंदूक घेणाऱ्यांना तिच्या 'खटाक' आवाजाचे फार आकर्षण असते आणि तो ऐकूनच चोर पळतो, असे ते सांगतात. प्रत्यक्षात घाईत हात पूर्ण मागे जात नाही, पुंगळी अडकते आणि मालक अंधारात पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीशी झटापट करत बसतो. त्यावर उपाय एकच आहे : खोटी काडतुसे आणून, खरी दुसऱ्या खोलीत ठेवून, रोज दहा-वीस वेळा हात शेवटपर्यंत मागे नेण्याचा सराव महिनाभर करावा. ज्यांना हा धीर नाही त्यांनी दुनळी घ्यावी. ती दोन बारांपुरती का होईना, कमी रुसते.

उरलेल्या चुका थोडक्यात सांगतो. दस्ता लांब पडत असेल तर तो कापून बसवून घ्यावा, कारण काखेत अडकणारी बंदूक खांद्यावर नीट बसत नाही आणि तिचा धक्का दंडाला लागतो. चामड्याच्या कव्हरात बंदूक पावसाळाभर ठेवू नये. चामडे ओल धरते आणि ऑगस्टपर्यंत नळीवर तांबूस ठिपके उठतात. खोबरेल तेल लावू नये, ते चिकट होते. फुगलेल्या पुंगळीची काडतुसे जोर लावून घरात बसवू नयेत. सुरक्षेचा खटका लावलेला आहे म्हणून बोट चापावर ठेवू नये. बंदूक खांद्याला अडकवायचा पट्टा काजूच्या फांद्यांत अडकतो. झाडीत जाताना तो काढून ठेवावा.

नळी कापून 'घरापुरती आखूड' करून देणारे महाभाग अजूनही भेटतात. परवान्याशिवाय नळी आखूड करणे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ६ खाली निषिद्ध आहे आणि त्यासाठी शिक्षा होते. परवाना ज्या कारणासाठी दिला आहे ते कारणही एकदा नीट वाचावे; शेतराखणीचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार अर्जासोबत सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि अनेक जण तो कागद मिळवण्यापुरतेच प्रशिक्षण घेतात. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये दिलेला आहे. पण बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याची मुभा तो देत नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीवर बार काढण्याच्या गप्पा तिंठ्यावर (तिठ्यावर) मारणाऱ्यांनी ही कलमे कोणा वकिलाकडून समजावून घ्यावीत.

बंदूक एका कपाटात रिकामी आणि काडतुसे दुसऱ्या कुलुपात, अशी माझ्या घरची व्यवस्था आहे. दोन्ही चाव्या माझ्या जवळ असतात. पूर्वी एक चावी देवघरात समईमागे असायची. ती जागा घरातल्या सात वर्षांच्या नातवालाही ठाऊक आहे, हे त्यानेच एकदा सहज बोलताना सांगितल्यावर मी ती तिथून उचलली.