झेब्राफिशच्या शेपटीत नवे हाड वाढताना कसे पाहावे

झेब्राफिश हा छोटा, पट्टेदार मासा पृष्ठवंशीय आहे आणि या प्रयोगात त्याची शेपटी कापावी लागते, त्यामुळे संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची लेखी मंजुरी हातात आल्याशिवाय ब्लेडला हात लावू नका.

सोलापूरच्या उन्हाळ्यात हा प्रयोग सर्वांत जास्त बिघडवते ते पाण्याचे तापमान. कापलेली शेपटी (म्हणजे शेपटीचा पर) २८ अंशांवर दोन-तीन आठवड्यांत जवळपास पूर्ववत होते, ३३ अंशांवर त्याहून बरीच लवकर. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा खिडकीजवळची आणि आतल्या खोलीतली टाकी यांची तुलना करण्यात अर्थ नसतो. सगळ्या टाक्या एकाच रॅकवर ठेवा आणि सकाळ-दुपार तापमान लिहा. बाष्पीभवनाने पाणी आटते, क्षार मात्र मागेच राहतात. म्हणून भर घालायची ती आरओच्या पाण्याने. काही दिवसांआड येणारे नळाचे पाणी वापरायचे तर आधी क्लोरीन काढा.

भुलीसाठी लिटरला सुमारे १६० मिलिग्रॅम ट्रायकेन घ्या. ते आम्लधर्मी असते, त्यामुळे सोडा बायकार्ब घालून पीएच ७ च्या आसपास आणा. नाहीतर मासा तडफडतो. कल्ल्यांची हालचाल मंदावली आणि शेपटी चिमटल्यावर मासा हलला नाही, की तो ओल्या पेट्री डिशवर घ्या. नव्या ब्लेडने, शेपटीच्या काड्यांना (पराला आधार देणाऱ्या हाडांच्या बारीक काड्यांना) दोन फाटे फुटतात त्याच्या थोडे अलीकडे, एका दमात सरळ काप द्या. प्रत्येक माशाचा काप त्याच पातळीवर हवा: बुडाजवळ कापलेली शेपटी जास्त वेगाने वाढते, टोकाकडची हळू. तिरका काप पडला तर एकाच शेपटीत दोन वेग मिसळतात. असा मासा मोजणीतून वगळा. मासा ताज्या पाण्यात सोडल्यावर कल्ले हलत नसतील तर पिपेटने तोंडावर हलकेच पाणी सोडा.

पहिल्या दिवसात जखमेवर त्वचेचे पातळ आवरण येते. दुसऱ्या दिवशी प्रत्येक काडीच्या टोकाशी पांढरट, अर्धपारदर्शक उंचवटा दिसतो, तोच ब्लास्टेमा, म्हणजे नवी शेपटी घडवणाऱ्या पेशींचा पुंजका. जवळच्या हाडपेशी आपले पक्के रूप सोडून विभाजतात, त्यात सरकतात आणि पुन्हा हाड घडवतात. कूर्चेचा टप्पा इथे नसतोच.

नवे हाड ओळखायला दोन रंग लागतात. कापण्यापूर्वी हाड लाल रंगवणारे अलिझरिन रेड ०.०१ टक्का, पंधरा मिनिटे. कापल्यानंतर सातव्या दिवशी हाड हिरवे चमकवणारे कॅल्सिन ०.२ टक्के, दहा मिनिटे. दोन्हींचा पीएच ७.४ च्या आसपास, नंतर स्वच्छ पाण्यात पुरेसे धुणे. नीट धुतले नाही तर सगळी शेपटीच हिरवी चमकते. जुनी काडी जाड आणि लाल दिसते. कापापुढची बारीक आणि निव्वळ हिरवी. मोजताना नेहमी वरून तिसरी काडी धरा, कापरेषेपासून टोकापर्यंत.