धडा रेकॉर्ड करताना या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी शाळेत मी गणित शिकवतो. आमची बरीच मुलं रेकॉर्ड केलेला धडा रात्री बघतात, कारण घरातला मोबाईल वडिलांचा असतो आणि वडील रानातनं नाहीतर बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यातली पाळी संपवून उशिरा येतात. काच तडकलेली, स्पीकरचा आवाज बारीक, दिवसाचा डेटा संपत आलेला. आपण मात्र धडा तपासून बघतो तो शाळेच्या लॅपटॉपवर, शांत खोलीत. बहुतेक चुका तिथंच नजरेतून सुटतात.

आवाज

चित्र थोडं पुसट असलं तरी मूल निभावून नेतं. आवाज नसेल तर धडाच नाही. दहावीसाठी थेल्सचं प्रमेय मी एकदा ४० मिनिटं रेकॉर्ड केलं. नंतर लावून बघितलं तर आकृती उमटत होती, आवाजाचा पत्ता नव्हता. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली मायक्रोफोनची परवानगी बंद होती. तेव्हापासून आधी २० सेकंद रेकॉर्ड करतो, इअरफोन घालून ऐकतो आणि मगच धड्याला हात घालतो. मोबाईलवरून करत असाल तर सुरुवातीलाच आवाज कुठला घ्यायचा ते विचारलं जातं. घाईत नुसता डिव्हाइसचा ऑडिओ निवडला की तुमचं बोलणं येणार नाही, तिथं मायक्रोफोन निवडा.

ओबीएस हा पडदा रेकॉर्ड करणारा प्रोग्राम वापरत असाल तर बोलताना मिक्सरमधली पट्टी पिवळ्यापर्यंत जायला हवी. हिरव्यातच राहिली तर मोबाईलच्या स्पीकरवर काही ऐकू येत नाही, तांबड्यात गेली तर आवाज फाटतो. ब्लूटूथचा हेडसेट माईक म्हणून लावला की आवाज फोनवर बोलल्यासारखा दबतो. साधा वायरचा इअरफोन बरा.

कन्नडच्या धड्याला तर हे फारच जपावं लागतं. कन्नडमध्ये ए आणि ओ हे ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही, मराठीत तो भेद नाही. ऱ्हस्व ओ घेऊन ‘कोडु’ म्हटलं तर ‘दे’, ओ लांबवला तर ‘शिंग’. आपल्या लिपीत दोन्ही सारखेच लिहिले जातात, म्हणजे मुलाला आधार फक्त कानाचा. आमच्या शाळेतल्या कन्नडच्या बाई हे दोन शब्द आधी सावकाश, मग वाक्यात, असे दोनदा म्हणतात. पण जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात, पत्र्याखाली बसून रेकॉर्ड केलं तर ती लांबी कुणाला कळणार? आवाज गाळणारा फिल्टर पंख्याची घरघर घालवतो. पत्र्यावरच्या पावसापुढे मात्र त्याचं चालत नाही, उलट तुमचेच शब्द तुटतात. पाऊस थांबेपर्यंत वाट बघा, नाहीतर गोधडी अंथरलेल्या कोपऱ्यात माईक तोंडाजवळ घेऊन बसा.

करंट गेला तर

आमच्याकडे पावसाळ्यात ही नेहमीचीच गोष्ट, आणि शाळेतल्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी पाच मिनिटंही टिकत नाही. साध्या एमपीफोरमध्ये रेकॉर्डिंग चालू असताना मशीन बंद पडलं की ती फाईल बहुधा उघडतच नाही, कारण फाईल वाचायला लागणारी माहिती शेवटी लिहिली जाते. ओबीएसच्या सेटिंग्जमध्ये आउटपुट उघडा आणि रेकॉर्डिंग फॉरमॅट एमकेव्ही करा. करंट गेला तरी तोवरचा धडा शाबूत राहतो. पुढे फाईल मेनूतल्या ‘रिमक्स रेकॉर्डिंग्ज’ने त्याचं एमपीफोर होतं, तेही झटकन, कारण व्हिडिओ नव्यानं बनवावा लागत नाही. शिवाय धडा दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत करा. गेलाच तर एक तुकडा जाईल.

पडद्यावर काय दिसतं

विंडोजचा गेम बार सोपा वाटतो म्हणून पुष्कळजण तोच वापरतात. पण तो एकाच प्रोग्रामची खिडकी टिपतो. पॉवरपॉइंटवर सुरू करून तुम्ही जिओजेब्रात, म्हणजे भूमितीच्या आकृत्या काढायच्या प्रोग्राममध्ये गेलात, की रेकॉर्डिंगमध्ये स्लाइडच राहते आणि तुमचं बोलणं त्रिकोणाबद्दल चाललेलं असतं. दोन प्रोग्राम लागणार असतील तर अख्खा पडदा टिपणारं साधन घ्या.

‘हे बघा, इथून इथं’ हे वर्गात चालतं, कारण बोट दिसतं. रेकॉर्डिंगमध्ये ‘बाजू कखला समांतर रेषा’ असं नाव घेऊनच बोला आणि माऊस त्या रेषेवरून सावकाश न्या. मोबाईलवर ‘स्क्रीनवरचे स्पर्श दाखवा’ हा पर्याय चालू केला की बोट टेकेल तिथं ठिपका उमटतो.

अक्षरं मोठी ठेवा. पहिली स्लाइड मोबाईलवर पाठवून हात लांब करून वाचा. जोडाक्षरं आणि रफार ओळखू येत नसतील तर आकार वाढवा. लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ असेल तर ओबीएसमध्ये बेस आणि आउटपुट ही दोन्ही रिझोल्यूशन तेवढीच ठेवा. ७२० वर उतरवलं की बारीक अक्षरं धुरकटतात.

आणि नोटिफिकेशन बंद करा. बँकेचा ओटीपी किंवा एखाद्या मुलाच्या गुणांबद्दल पालकांनी पाठवलेला निरोप धड्यात उमटला आणि गावभर पोचला, तर तो परत घेता येत नाही.

घरापर्यंत पोचवणं

व्हिडिओचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला लागणारा डेटा, २५०० केबीपीएस ठेवला तर एका मिनिटाला जवळपास १९ एमबी लागतात, म्हणजे दहा मिनिटांना १९० च्या आसपास. स्लाइड फारशी हलत नाही, त्यामुळे १००० केबीपीएस आणि सेकंदाला १५ फ्रेम पुरतात. तेवढ्यात दहा मिनिटं ७५ एमबीत बसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून टाकला तर तो आणखी दाबला जातो आणि अक्षरं जातात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

ड्राइव्हची लिंक देणार असाल तर आधी शेअरिंग उघडून ‘लिंक असणारा कोणीही’ हे निवडा. मूळ सेटिंग बंदिस्त असते. मुलाला ‘परवानगी मागा’ एवढंच दिसतं, त्याची विनंती तुमच्या मेलमध्ये पडून राहते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ते म्हणतं, ‘सर, उघडलंच नाही.’ लिंक पाठवल्यावर ती घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाईलवर एकदा उघडून बघा.