खोक्यावर 2000 वॅट, आत बारीक वायर: कारमध्ये अँप बसवताना या चुका टाळा

अँप (स्टिरिओचा आवाज वाढवणारा अँप्लिफायर) घ्यायला गेलात की आधी खोकं बाजूला ठेवा आणि अँपच्या कडेला असलेला फ्यूज बघा. खोक्यावर '2000 वॅट' आणि फ्यूज 30 अँपिअरचा एकच? मग हिशेब करा. इंजिन चालू असताना साधारण 14 व्होल्ट मिळतात, म्हणजे 30 गुणिले 14, 420 वॅट आत गेले. क्लास-डी अँप (कमी वीज वाया घालवणारा प्रकार) त्यातले 80 टक्के बाहेर देतो असं धरलं तरी सलग 335 वॅटच्या पुढे तो जाणार नाही. जुन्या धाटणीचा क्लास-एबी असेल तर त्याहून बराच कमी. खोक्यावरचा आकडा कसा काढलाय हे दुकानदारालाही माहीत नसतं. आपण फक्त आरएमएस, म्हणजे सलग मिळणारे वॅट, बघायचं, तेही किती ओहमला दिलंय ते वाचून. ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध; तो जितका कमी, तितका अँपवर ताण जास्त.

हा ओहमचा भाग लोक सोडून देतात आणि तिथेच अडकतात. समजा, सबवूफर (सब, म्हणजे खोल बेसचा स्पीकर) दोन कॉइलचा आहे आणि प्रत्येक कॉइल 2 ओहमची. पॅरलल जोडलं तर 1 ओहम, सिरीजमध्ये 4 ओहम. मधला 2 ओहम एका सबमधून मिळतच नाही! तुमचा मोनोब्लॉक (एकाच चॅनेलचा अँप) 2 ओहमपर्यंतच टिकणारा असेल तर 'आवाज जास्त येतो' म्हणून पॅरलल जोडलेला सब त्याला दहा मिनिटांत तापवून बंद पाडेल. चार चॅनेलचा अँप ब्रिज करताना, म्हणजे दोन चॅनेल एकत्र करून एकच सब चालवताना, आणखी एक गोम आहे. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला सबचे निम्मेच ओहम दिसतात. म्हणून चॅनेलला 2 ओहम चालणाऱ्या अँपला ब्रिजमध्ये किमान 4 ओहमचाच सब लागतो. सब आणि अँप एकाच वेळी ठरवा, वेगवेगळे नाही.

वायरमध्ये वाचवलेले पैसे

हजारो रुपयांचा अँप घेणारा माणूस वायरिंग किटवर मात्र घासाघीस करतो. 500 वॅट आरएमएसचा क्लास-डी अँप पूर्ण जोरात 45 अँपिअर ओढतो आणि बॅटरीपासून डिकीपर्यंत वायर फिरवत नेली की पाचेक मीटर सहज लागते. तांब्याच्या 8 गेज वायरीत (गेजचा आकडा लहान, तितकी वायर जाड) तेवढ्या अंतरात जवळपास अर्धा व्होल्ट गळतो, 4 गेजमध्ये पाव व्होल्टही नाही. स्वस्त किटमधली वायर बहुधा अॅल्युमिनियमची असते, वर तांब्याचा नुसता मुलामा. एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर ओळखून घ्या. अशी वायर वापरायचीच असेल तर गेज एक पायरी जाड घ्या.

अँपवर फ्यूज आहे, मग बॅटरीजवळ आणखी कशाला, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. अँपवरचा फ्यूज अँपसाठी, बॅटरीजवळचा वायरसाठी. इंजिन आणि डॅशबोर्डच्या मधल्या पत्र्याच्या भोकात वायर घासून सोलली गेली तर बॅटरीचा सगळा करंट त्या जागी उतरतो, आणि अँपवरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. पॉझिटिव्हपासून 45 सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवा, वायरला झेपेल तेवढाच. 8 गेज तांब्याला 60 अँपिअरच्या वर नको. भोकात रबरी ग्रॉमेट घाला. आणि काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा.

शिटी वाजते

माझ्या पहिल्या गाडीत मी अँपची अर्थिंग मागच्या सीटबेल्टच्या बोल्टखाली दिली होती. सोपी जागा होती. ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक शिटी, आणि घाटात गिअर बदलताना तिचा सूरही बदलायचा. मी आरसीए केबल (स्टिरिओपासून अँपपर्यंत सिग्नल नेणारी) दोनदा बदलली, शेवटी लक्षात आलं की दोष त्या बोल्टचा आहे. तिथे रंग असतो, शिवाय सीटबेल्टचा बोल्ट सैल करून परत लावणं हा जिवाशी खेळ. डिकीतला रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा काढा, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) नीट दाबून क्रिंप करा, नट-बोल्टने आवळा. अर्थची वायर पॉवरच्याच गेजची आणि जेमतेम हातभर ठेवा. भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून बघा. पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचे पाइप तिथेच असतात. कोकणात, गोव्यात गाडी असेल तर वरून रंग किंवा ग्रीस लावाच, खारी हवा पावसाळाभरात सांधा खाऊन टाकते. एवढं करूनही शिटी राहिली तर आरसीए आणि पॉवरची वायर गाडीच्या एकाच बाजूने गेलीय का ते बघा.

कंपनीच्या स्टिरिओला रिमोटची वायर, म्हणजे अँपला चालू-बंद करणारी, बहुधा नसते. मग कारागीर ती सरळ बॅटरीच्या कायम चालू लाइनला जोडून देतो. अँप नुसता जागा राहून एक अँपिअर जरी खात असला तरी दिवसाला 24 अँपिअर-तास गेले, आणि छोट्या गाडीची बॅटरी 35 ची! चावी फिरवल्यावरच चालू होणारी लाइन वापरा, किंवा स्पीकरच्या तारांवरूनच सिग्नल घेऊन आपोआप जागा होणारा अँप घ्या.

गेन (स्टिरिओच्या सिग्नलशी अँप जुळवण्याचं अँपवरचं बटण) म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. बेस बूस्ट शून्य, सबची तार काढलेली, स्टिरिओ तीन चतुर्थांशावर, 50 हर्ट्झचा 0 डेसिबल टोन लावा आणि मल्टिमीटर एसीवर ठेवून अँपच्या सबच्या टोकांना धरा. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ म्हणजे हवे तेवढे व्होल्ट. 2 ओहमला 300 वॅट हवे असतील तर 24.5 व्होल्ट दिसेपर्यंतच गेन फिरवायचा. पुढे नेलात तर आवाज फाटतो आणि कॉइल जळते. दारातल्या स्पीकरना 80 हर्ट्झखालचा बेस देऊच नका, ते सबचं काम.

अँपवरचा प्रोटेक्टचा (बिघाड दाखवणारा) लाल दिवा लागला तर आधी स्पीकरच्या सगळ्या तारा काढा. दिवा गेला तर दोष तारेत किंवा स्पीकरमध्ये. गेला नाही तर आरसीए काढून बघा, तरीही लागलेलाच असेल तर अर्थिंग आणि व्होल्टेज तपासा. तेही ठीक असेल तर अँप दुरुस्तीला न्या. सबची 4 ओहमची कॉइल मीटरवर साधारण साडेतीन दाखवते. शून्य किंवा काहीच नाही म्हणजे जळली. कॉइल ठीक निघाली तर दाराच्या बिजागरीपाशी जो रबरी नळा असतो तो उघडा. दार उघडझाप होऊन तार तिथेच सोलते आणि पत्र्याला टेकते.