जखम लवकर भरून येण्यासाठी शाकाहारी आहार कसा आखावा

शस्त्रक्रियेनंतर रुग्ण घरी आला की ठाण्यातल्या बहुतेक मराठी घरांत त्याच्यापुढे पेज, मऊ भात किंवा साबुदाण्याची खीर ठेवली जाते आणि डाळ मात्र ‘टाके पिकतील’ म्हणून बंद होते. टाके पिकतात ते जंतुसंसर्गाने. त्याचा डाळीशी संबंध नाही. उलट नवी त्वचा, रक्तवाहिन्या आणि कोलॅजन (त्वचेला बळकटी देणारे धागे) ज्या प्रथिनांपासून घडतात, ती शाकाहारी माणसाला बऱ्याच अंशी डाळी-कडधान्यांतून मिळतात. त्यामुळे आधी प्रथिनांची बेगमी करावी आणि हळदीचा विचार त्यानंतर करावा.

पहिली पायरी म्हणजे डॉक्टरांशी स्पष्ट बोलणे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिने वाढवण्याचा निर्णय स्वतः घेऊ नये. मधुमेह्यांची साखर आटोक्यात नसेल तर उत्तम आहारानेही जखम रेंगाळते. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास पालेभाजीचे प्रमाण अचानक वाढवू किंवा कमी करू नये, कारण त्यातील ‘के’ जीवनसत्त्व या औषधाच्या परिणामावर फरक पाडते.

त्यानंतर हिशेब मांडावा. निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिने पुरतात, परंतु मोठ्या जखमेत किंवा अशक्त रुग्णाला बहुधा 1.25 ते 1.5 ग्रॅम सुचवली जातात; म्हणजे 60 किलोच्या माणसाला 75 ते 90 ग्रॅम. वरणाच्या पातळ पाण्यावर हा आकडा गाठता येत नाही. दिवसभरात 30 ग्रॅम सोयाबीन वडी (साधारण 15 ग्रॅम प्रथिने), 50 ग्रॅम मूगडाळ (12), 50 ग्रॅम मटकी (10), 50 ग्रॅम बेसनाची धिरडी (10), 30 ग्रॅम शेंगदाणे (7), तीन पोळ्या (10) आणि 100 ग्रॅम तांदळाचा भात (7) इतके पोटात गेले, तर बेरीज 71 ग्रॅम, म्हणजे 75च्या जवळ जाते. वजने कच्च्या धान्याची आहेत. एका बैठकीत एवढे जात नसल्यास दिवसाचे पाच-सहा भाग करावेत. दूध-दही चालत असेल तर काम सोपे होते, परंतु त्यावाचून अडत नाही. डाळीत कमी असलेले अमिनो आम्ल (प्रथिनांचा घटक) धान्यात आणि धान्यात कमी असलेले डाळीत मिळते. दोन्ही एकाच घासात यायला हवीत असे नाही, दिवसभरात आली तरी पुरे. पोटभर उष्मांक मिळाले नाहीत तर शरीर हीच प्रथिने इंधन म्हणून जाळते, म्हणून या दिवसांत चतुर्थी-गुरुवारचे उपवास बाजूला ठेवणे इष्ट.

कडधान्यातील फायटेट हा नैसर्गिक घटक जस्ताचे (झिंकचे) शोषण अडवतो आणि जस्त तर जखमेला हवेच असते. भिजवल्याने, मोड आणल्याने व आंबवल्याने फायटेट घटते. सकाळी भिजवलेली मटकी रात्री उपसून, ओल्या फडक्यात घट्ट बांधून चाळणीत ठेवली, तर आपल्याकडच्या दमट हवेत दुसऱ्या सकाळी मोड येतात. पावसाळ्यात ती लवकर बिघडते. बोटांना चिकट लागली वा आंबूस वास आला तर टाकून द्यावी. रुग्णाला मोड कच्चे देऊ नयेत, कारण त्यांत जीवाणू वाढलेले असू शकतात. उसळ पूर्ण शिजवावी. मामलेदार मिसळीची आठवण काढणाऱ्या ठाणेकरांनी उसळ जरूर खावी, तर्रीला मात्र काही दिवस थांबू द्यावे. तीळ आणि भोपळ्याच्या बियांतूनही जस्त मिळते. त्याच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, कारण जास्त जस्ताने तांब्याचे शोषण अडते.

कोलॅजनचे धागे पक्के होण्यासाठी सी जीवनसत्त्व लागते. थंडीत जांभळी नाक्याच्या बाजारात आवळा मिळतो आणि पेरूही या बाबतीत संत्र्याला मागे टाकतो. आवळा किसून कच्चाच कोशिंबिरीत घालावा. लिंबू आच बंद केल्यावर पिळावे, म्हणजे उष्णतेने होणारी हानी टळते आणि डाळीतील लोहही अधिक शोषले जाते. जेवणालगतचा चहा लोहाच्या आड येतो, म्हणून तो तासभर पुढे ढकलावा. ‘आंबटाने जखम चिघळते’ या समजुतीपायी लिंबू-आवळा बंद करण्याचे कारण नाही.

दाहाविषयी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सुरुवातीच्या काही दिवसांतील लाली आणि सूज हा भरून येण्याचाच भाग असतो. तो मुळापासून दडपणे हे उद्दिष्ट नसावे. जवसाची चटणी रोज चमचा-दोन चमचे खाण्यास हरकत नाही. तिच्यातील ओमेगा-3 या स्निग्धाम्लाचे शरीराला हव्या असलेल्या रूपात रूपांतर थोडेच होते, त्यामुळे तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा करू नये. हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिचा मुख्य क्रियाशील घटक, अवघे काही टक्के असते व ते नीट शोषले जात नाही. मिरीसोबत शोषण वाढते. स्वयंपाकातील हळद खुशाल वापरावी, परंतु कर्क्युमिनच्या कॅप्सूल, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत, डॉक्टरांना सांगितल्याखेरीज घेऊ नयेत. दूधही न घेणाऱ्यांनी आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांनी बी-12 जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी. ते वनस्पतीजन्य आहारातून भरवशाने मिळत नाही.

टाके निघाल्यावर हा आहार लगेच थांबवू नये. त्वचेची मजबुती पुढे काही महिने वाढत राहते आणि तीन महिन्यांनीही ती मूळच्या सुमारे 80 टक्केच असते. ताप, दिवसेंदिवस पसरणारी लाली, पू, दुर्गंधी किंवा टाक्यांची उसवण दिसल्यास ताटात बदल करत बसू नये. पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी सर्जनला दाखवावे.