लघुक्षेत्र आकलनावरील परिषदेत शोधनिबंध कसा मांडावा

लघुक्षेत्र आकलन म्हणजे ज्या छोट्या क्षेत्रांतून (उदा. तालुके) नमुन्यात फार थोडे घटक येतात, त्यांचेही अंदाज काढणे. त्यावरील परिषदेत समोर विद्यापीठांतील संशोधक असतात, तसेच शासकीय सांख्यिकी संस्थांत काम करणारेही असतात. नमुन्यावरून थेट काढलेल्या अंदाजापेक्षा तुमच्या प्रारूपाचा (सांख्यिकी मॉडेलचा) अंदाज खरोखर अधिक भरवशाचा आहे का आणि ते कशावरून, हे दोघांनाही जाणून घ्यायचे असते. म्हणून सुरुवात प्रारूपाने न करता थेट अंदाजांनी करावी. प्रत्येक क्षेत्रातून किती घटक नमुन्यात आले, किती क्षेत्रे रिकामी राहिली आणि थेट अंदाजांची प्रमाण त्रुटी (म्हणजे त्यांतील अनिश्चितता) किती मोठी आहे, हे एका आलेखात दाखवले की प्रारूपाची गरज वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

मग प्रारूप कोणत्या पातळीवरचे आहे ते सांगावे. केवळ क्षेत्रनिहाय अंदाज हाती असतील, तर आधार फे आणि हेरियट यांच्या १९७९ च्या निबंधाचा असतो. एकेका घटकाची नोंद मिळत असेल, तर बॅटीस, हार्टर आणि फुलर यांच्या १९८८ च्या निबंधाचा, ज्यात आयोवातील १२ काउंटींमधील मका व सोयाबीनखालील क्षेत्र शेतपाहणी आणि उपग्रहाची माहिती एकत्र करून काढले होते. जाणकारांना हे पाठ असते, त्यामुळे येथे एक स्लाइड पुरते.

खरा वेळ सरासरी वर्ग त्रुटीला, म्हणजे अंदाज खऱ्या मूल्यापासून सरासरीने किती दूर जातो याच्या वर्गातील मापाला, द्यावा. फे-हेरियट प्रारूपात नमुन्यामुळे येणारे प्रचरण (चढउताराचे माप) ज्ञात मानले जाते, पण प्रत्यक्षात तेही त्याच तुटपुंज्या नमुन्यावरून काढून बहुधा सौम्य केलेले (त्यातील अनियमित चढउतार कमी केलेले) असते; ते कसे केले, हे विचारण्याआधीच सांगावे. त्रुटी प्रसाद आणि राव यांच्या १९९० च्या सूत्राने काढली की बूटस्ट्रॅपने (संगणकावर कृत्रिम नमुने पुन्हा पुन्हा काढून), हेही स्पष्ट करावे. क्षेत्र-परिणामाचे (सहायक माहितीने न उलगडणाऱ्या, क्षेत्राक्षेत्रांतील फरकाचे) प्रचरण शून्य आले असेल, तर ते झाकू नये, कारण तेव्हा सर्व क्षेत्रांचे अंदाज निव्वळ प्रतिगमनावर (सहायक माहितीशी असलेल्या संबंधावर) उभे असतात आणि थेट माहितीला काहीच वजन उरत नाही. नमुना नसलेल्या क्षेत्रांचे अंदाजही असेच असल्याने ते नकाशावर वेगळ्या खुणेने दाखवावेत.

नकाशाबाबत माझा आग्रह आहे की अंदाजाच्या शेजारी त्याच्या त्रुटीचा नकाशा असावाच. प्रारूपाचे अंदाज सरासरीकडे ओढले जात असल्याने त्यांचा पसारा खऱ्या मूल्यांच्या पसाऱ्यापेक्षा कमी असतो. अशा अंदाजांवरून क्षेत्रांची क्रमवारी लावणे किंवा ठरावीक मर्यादेखालील क्षेत्रे मोजणे दिशाभूल करणारे ठरते, आणि निधीवाटप याच आकड्यांवर होत असेल तर ही चूक थेट लोकांना भोवते.

क्षेत्रांच्या अंदाजांची बेरीज राष्ट्रीय अंदाजाशी जुळवली असल्यास आधीचे व नंतरचे आकडे जोडस्लाइडवर (भाषणानंतर गरज पडल्यास दाखवायच्या स्लाइडवर) ठेवावेत. अवशेषांचे (थेट अंदाज व प्रारूपाचा अंदाज यांतील फरकांचे) आलेख आणि सहायक चलांची (प्रारूपात वापरलेल्या पूरक माहितीची) निवड यांवरच्या स्लाइडही तेथेच असाव्यात, कारण चर्चेत पहिले प्रश्न बहुधा त्यांवरच येतात.